डावा कान, उजवा कान

सुट्टीवरून परतल्यावर ताईने हेडफोन चढवला आणि पहिल्याच फोनला तिच्या लक्षात आलं की आपल्या टेबलाला कुणीतरी हात लावलाय.

"हॅलो, आमच्याकडे सकाळपासून लाइट नाहीये," एक बाई सांगत होती. आणि तिच्या आवाजावर स्वार होऊन, त्याच दोन्ही कानांत, कॉम्प्युटर म्हणत होता, "ग्राहक क्रमांक. रिकामी चौकट. टाइप करा."

"नंबर सांगा," ताई म्हणाली.

बाई नंबर सांगू लागली. ताई टाइप करू लागली. ताईने दाबलेला प्रत्येक आकडा कॉम्प्युटर मोठ्याने परत म्हणायचा, तसा तो म्हणू लागला. बाईचे पुढचे आकडे आणि कॉम्प्युटरचे मागचे आकडे यांची अशी खिचडी झाली की चौकटीत काय पडलं ते देवालाच ठाऊक.

"पुन्हा एकदा सांगाल?"

बाईने सांगितला. परत तेच.

"माफ करा, आणखी एकदा..."

"अहो, बहिऱ्या आहात का?"

ताई बहिरी नव्हती. ती आंधळी होती, जन्मापासून. वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात ती कित्येक वर्षं फोन घेत होती आणि लाइट गेली, फ्यूज उडाला, खांब वाकला असल्या तक्रारी तिच्याइतक्या झपाट्याने नोंदवणारं दुसरं कुणी त्या खोलीत नव्हतं. त्यात जादू काही नव्हती. पडद्यावर जे जे लिहिलेलं असतं ते वाचून दाखवणारा एक प्रोग्राम तिच्या कॉम्प्युटरमध्ये होता. फक्त त्याचा आवाज वेगळा काढलेला होता. आधीच्या कॉम्प्युटरवाल्याने तिच्यासाठी मशीनला दुसरं साउंडकार्ड लावून दिलं होतं, बोटभर लांबीची एक काडी, मशीनच्या मागे खोचलेली. मशीनच्या आतल्या कार्डातून ग्राहकाचा आवाज उजव्या कानात यायचा. काडीतून मशीनचं वाचन डाव्या कानात. उजव्या कानाने ऐकायचं, डाव्या कानाने वाचायचं. बाकीच्या बायका कानाने ऐकतात आणि डोळ्यांनी बघतात, तितकंच साधं.

ताईने मशीनच्या मागे हात घातला. मशीनच नवीन होतं, कडा बोचणाऱ्या, वास कोऱ्या प्लॅस्टिकचा. काडी नव्हती. डाव्या कानातली छोटी तार नव्हती. दोन्ही कान झाकणारा एक गुबगुबीत हेडफोन तेवढा होता.

"काय शोधताय?" शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं.

"माझी काडी कुठाय?"

"सगळ्यांची मशीनं बदलली ना तुम्ही नसताना. अपडेटने."

कॉम्प्युटर विभागातल्या त्या माणसाला सगळे अपडेटच म्हणत. काहीही बिघडलं की तो आधी "अपडेट केलंत का?" असं विचारायचा आणि काहीही बिघडलेलं नसलं की स्वतःहून अपडेट करून बिघडवायचा. ताईने फोन लावून त्याला बोलावलं. तो आला, च्युइंगगम चघळत.

"माझं दुसरं साउंडकार्ड कुठाय?"

"ते काढलं ताई. जुन्या सामानात गेलं. आता सगळी मशीनं एकसारखी. एका कॉम्प्युटरला दोन-दोन साउंडकार्ड कशाला? एकातून दोन्ही आवाज येतात की."

"येतात ना. तेच तर मी सांगतेय. दोन्ही एकातून येतात."

"मग झालं तर."

"काय झालं? अरे, माझ्या कानात एकाच वेळी दोघं बोलतायत!"

"व्हॉल्यूम कमी करू का एकाचा?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने आवाज ताब्यात ठेवला. "हे बघ. तुझ्या पडद्यावर कुणी काळं फासलं आणि म्हणालं, उजेड कमी-जास्त करून बघ, तर चालेल तुला?"

"असं कसं, पडदा तर..." तो बोलता बोलता थांबला. मग म्हणाला, "बाहेरचं काही मशीनला लावायचं नाही असा नियम झालाय आता. मी बंदच करून टाकलंय सगळीकडे. मॅडमची सही आणा, मग बघू."

"मी नव्हते तेव्हा काढलंस. मला एक फोन करायला काय झालं होतं?"

"तुम्ही सुट्टीवर होतात, म्हटलं कशाला त्रास द्या."

मॅडम म्हणजे केंद्राच्या प्रमुख. त्यांची केबिन खोलीच्या टोकाला होती आणि त्यांचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा होता, निदान ताईशी बोलताना. इतरांवर त्या ओरडायच्या, फायली आपटायच्या, "ही काय धर्मशाळा आहे का" म्हणायच्या. ताई समोर आली की आवाज खाली यायचा आणि वाक्याच्या शेवटी एक लाडिक हेल लागायचा, आजारी लेकराशी बोलतात तसा. गेल्या वर्षी त्यांनी ताईचा फोटो कंपनीच्या कॅलेंडरवर छापवला होता. खाली काहीतरी प्रेरणा-बिरणा लिहिलं होतं. ताईला ते लोकांनी वाचून दाखवलं तेव्हा कळलं.

"बसा ना ताई. पाणी देऊ?"

"पाणी नको, काडी द्या." ताईने सगळं सांगितलं.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "खरंय हो तुमचं. पण नियम वरून आलाय. मी बोलून बघते. थोडा धीर धरा. आणि ताई, मी म्हणते, इतकी दगदग करायचीच कशाला? खाली स्वागतकक्षात बसा. येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करायचा, हसून बोलायचं. पगार तोच. तुम्हाला किती शोभेल!"

"मला शोभायचं नाहीये, फोन घ्यायचेत. माझ्या टेबलाशी चला. एक फोन घेऊन बघा, मग कळेल मला काय होतंय."

मॅडम आल्या, त्यांच्या मनाचा मोठेपणा सगळ्यांना दिसेल अशा चालीने. ताईने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, हेडफोन दिला, पडदा बंद केला.

"आता घ्या."

फोन वाजला. कुणी म्हातारेबुवा होते. हळू बोलत होते आणि मध्येच खोकत होते. मशीन त्यांच्या खोकल्यावर चौकटींची नावं वाचत होतं. मॅडम "हो काका, काय म्हणालात काका, थांबा काका" करत राहिल्या. नाव चुकलं, नंबर चुकला, शेवटी काकांनीच कंटाळून फोन ठेवला. खोलीतल्या बायका हसू दाबत होत्या. ताईला वाटलं, बरं झालं, आता तरी डोक्यात प्रकाश पडेल.

मॅडमनी हेडफोन काढला. त्यांनी नाक ओढलं. चक्क रडत होत्या.

"बाई गं," त्या ताईचा हात धरून म्हणाल्या, "किती भयंकर आहे हे! इतकी वर्षं तुम्ही हे सोसताय? नाही ताई, आता मी तुम्हाला हे काम करूच देणार नाही."

ताईने हात सोडवून घेतला. "अहो, हे मी नाही सोसलं कधी! हे तुम्ही आज सुरू केलंय! काडी होती तोपर्यंत..."

"हो हो. चिडू नका. कळतं मला," मॅडम म्हणाल्या आणि डोळे पुसत केबिनकडे गेल्या.

घरी ताई भावाकडे राहायची. दादा शाळेची गाडी चालवायचा आणि दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून आलेला असल्यामुळे संध्याकाळी त्याला घरात कुणी मोठ्याने बोललेलं खपत नसे. त्या दिवशी ताई मोठ्यानेच बोलली. वहिनी ताटं वाढता वाढता ऐकत होती.

"अगं, पण नोकरी तर राहतेय ना?" दादा म्हणाला. "पगार तोच, काम कमी. लोक याच्यासाठी वशिले लावतात. मला कुणी सांगितलं की बाबा, गाडी चालवू नको, नुसता दारात उभा राहून टाटा कर, तर मी उद्यापासून जाईन."

"तू जाशील. तुझे डोळे काढून घेऊन सांगितलं तरी जाशील?"

"काहीतरीच बोलतेस. तुझे कुठे..." दादाने ताट पुढे ओढलं.

"बोल ना. माझे कुठे होते, असंच ना?"

"जेवू दे तिला," वहिनी म्हणाली. "आणि तुम्हीही जेवा. भांडायचंच असेल तर पोट भरल्यावर भांडा, उपाशीपोटी आवाज चिरकतो."

ताईने ताट सरकवलं आणि मग परत ओढून जेवलीही, कारण भूक लागली होती. तिला स्वतःचाही राग आला.

पुढचे काही दिवस तिने रेटून नेलं. ग्राहक बोलायला लागला की ती मशीनचं वाचन गप्प करायची. ग्राहक थांबला की वाचन चालू करायची. प्रत्येक फोन दुप्पट लांबला. लोक वैतागायचे. जीवाचा कान करून ऐकणं म्हणतात ते तिने केलं, पण कान दोनच आणि त्यांत माणसं तीन: ग्राहक, मशीन आणि डोक्यात बसून सतत बडबडणारी ती स्वतः. मॅडमना विचारलं की "बोललेय मी वर". अपडेटला विचारलं की "सही आणा". दोघंही तिच्याकडे मस्त कानाडोळा करत होते.

आणि मग व्हायचं तेच झालं.

दुपारी एका मुलीचा फोन आला. घाबरलेली होती, धापा टाकत होती. स्टेशनच्या पूर्वेकडे, शाळेमागच्या गल्लीत विजेची तार तुटून रस्त्यावर पडलीय आणि ठिणग्या उडतायत. ताईने तिचा एकही शब्द निसटू नये म्हणून वाचन पूर्ण बंद केलं. "तारेपासून लांब व्हा, कुणाला जवळ जाऊ देऊ नका," असं बजावलं. एकीकडे विभागाच्या यादीतून सवयीने बाण दाबत ती "स्टेशन पूर्व"वर आली. म्हणजे आली असं तिला वाटलं. नव्या मशीनमध्ये यादीचा क्रमही बदललेला होता. डाव्या कानात मशीन बोलत असतं तर तिला तिथल्या तिथे कळलं असतं. तक्रार "स्टेशन पश्चिम"मध्ये गेली.

बऱ्याच वेळाने दुरुस्तीच्या गाडीवरच्या मुकादमाचा फोन आला. हा माणूस नेहमीच तार सप्तकात बोलायचा. आज त्याने छप्पर उडवलं.

"कुठे पाठवलंत आम्हाला? इथे पश्चिमेला सगळं ठीकठाक आहे, लोक आम्हाला चहा विचारतायत! तार पडलीय रुळांपलीकडे! लोकांनी रस्त्यात बाकडी आडवी टाकलीयत, शाळा सुटायची वेळ झालीय, आणि आम्ही इकडे वर तोंड करून खांब मोजतोय! अक्कल गहाण ठेवलीय का?"

ताईने एवढंच विचारलं, "कुणाला लागलं का?"

"नाही. नशीब तुमचं. पूर्वेची दुसरी गाडी गेलीय तिकडे. पण लागलं असतं तर?"

"लागलं असतं तर मीच जबाबदार असते!" ताई त्याच्याहून मोठ्याने ओरडली. "आणि माझी वाचायची सोय काढून घेणारे दोघं चहा पीत बसले असते!"

पलीकडे मुकादम जरा उतरून म्हणाला, "ते तुमचं तुम्ही बघा. माझी माणसं खांबावर चढतात. मला पत्ता बरोबर पाहिजे."

त्याचं काहीच चुकत नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. ताई उठून बाहेरच्या जिन्यात जाऊन उभी राहिली. शाळेमागची गल्ली तिला माहीत होती, दादाची गाडी तिथूनच पोरं उचलायची. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आला तो फक्त राग, आणि तो आता मशीनवर नव्हता, अपडेटवरही नव्हता. तिचा तिच्यावरच होता. इतके दिवस आपण सोसलं कशाला? चालवून घेतलं कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कंपनीची मेल आली. ती नेमकी एक फोन चालू असताना उघडली आणि मशीनने ती दोन्ही कानांत वाचायला घेतली.

"आपल्या निष्काळजीपणामुळे..." मशीन म्हणालं.

"...आमचा फ्यूज उडालाय," ग्राहक म्हणाला.

"...गंभीर प्रसंग ओढवला असता. याबाबत आपण लेखी..."

"...कुणीतरी पाठवा ना लवकर."

"...खुलासा सादर करावा. तसेच आपल्या प्रकृतीचा विचार करून आपणास स्वागतकक्षात..."

"हॅलो? ऐकताय ना?"

"ऐकतेय," ताई म्हणाली. "सगळंच ऐकतेय. साहेब, माझ्या ऑफिसने माझी वाचायची सोय काढून घेतलीय, त्यामुळे तुमची तक्रार मला नीट नोंदवता येत नाही. चुकीची नोंदवण्यापेक्षा मी तुम्हाला आमच्या मॅडमकडे देते. त्या नोंदवतील." आणि तिने फोन मॅडमच्या केबिनला जोडला.

तो नियमच होता. तक्रार नोंदवता येत नसेल तर वरिष्ठांकडे जोडा. ताईने दुसरा फोन घेतला, तेच वाक्य बोलली आणि जोडला. तिसरा. चौथा. प्रत्येकाशी ती अदबीने बोलली, प्रत्येकाला नमस्कार केला. मॅडमना हसून नमस्कार करणारीच हवी होती ना. केबिनमधला फोन खणखणायचा, थांबायचा, परत खणखणायचा. काचेमागून "हो, सांगा, कुठला विभाग, अहो जरा हळू" असं ऐकू यायला लागलं. शेजारची बाई कुजबुजली, "ताई, काय चालवलंय?"

"नियमाने चालवलंय."

अपडेट धावत आला. "ताई, तुमच्या मशीनमधून काहीतरी गडबड झालीय, सगळे कॉल मॅडमकडे जातायत. अपडेट करू का?"

"हात लावशील तर बघ."

केबिनचं दार धाडकन उघडलं. मॅडम बाहेर आल्या आणि ज्या आवाजात बोलल्या तो ताईने आजवर फक्त इतरांसाठी ऐकला होता.

"काय तमाशा मांडलाय हा? ही काय धर्मशाळा आहे का? मी तिथे मिटिंगच्या तयारीत आणि तुम्ही जगातले सगळे फ्यूज माझ्या डोक्यावर आणून आदळताय! काम करायचं नसेल तर चालतं व्हा!"

ताईला आतून कसं मोकळं वाटलं. मध गळून पडला होता. तीही उभी राहिली.

"काम करायचंय म्हणून तर उभी आहे! चालतं व्हा म्हणायला आज तरी तोंड उघडलंत, इतके दिवस पाणी देऊ का, पाणी देऊ का करत होतात. मला पाणी नकोय. माझ्यासाठी रडणं नकोय. रस्त्यात तार पडली आणि गाडी भलतीकडे गेली, त्याचा खुलासा मागता? घ्या, तोंडी देते, सगळ्यांसमोर. मी सांगितलं होतं. याला सांगितलं, तुम्हाला सांगितलं, खुर्चीत बसवून दाखवलं. तुम्ही डोळे पुसत निघून गेलात. चूक माझीही झाली, पहिल्याच दिवशी फोन ठेवून बसायला हवं होतं. आता बसलेय. काडी येईपर्यंत या टेबलावर एकही तक्रार नोंदवली जाणार नाही. काढायचं तर काढा मला, पण बाहेर जाऊन मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगेन की तार का पडून राहिली."

"तुम्ही मला धमकी देताय?"

"हो."

मॅडमच्या केबिनमधला फोन पुन्हा वाजायला लागला. कुणीच उचलेना. मग दुरुस्तीच्या गाड्यांशी बोलायच्या वायरलेसवरून मुकादमाचा ओरडा साऱ्या खोलीभर घुमला. त्याला पुढची तक्रार हवी होती, त्याची माणसं रस्त्यात खोळंबली होती आणि कुणी फोन घेणारं आहे का की सगळे मेले, असं तो विचारत होता.

मॅडमनी ताईकडे पाठ फिरवली. "अपडेट," त्या दातओठ खात म्हणाल्या, "काय ती काडी-बिडी आहे ती लावून दे."

"मॅडम, सही..."

"लावून दे म्हटलं ना!"

अपडेट जुन्या सामानाच्या खोलीत गेला आणि काडी घेऊन आला. ती खोक्यात अगदी वरच पडली होती. त्याने ती मशीनच्या मागे खोचली, कुठलीशी परवानगी उघडली, दोन-चार ठिकाणी टकटक केलं. ग्राहकाचा आवाज या कार्डावर, वाचन त्या कार्डावर. ताईने छोटी तार डाव्या कानात घातली आणि गुबगुबीत हेडफोन डावीकडून मागे सरकवला. उजव्या कानात शांतता होती. डाव्या कानात मशीन म्हणालं, "विभाग. यादी. स्टेशन पश्चिम." तिने बाण दाबला. "स्टेशन पूर्व."

"झालं बघा," अपडेट म्हणाला. तो जाईना. "थँक्यू नाही म्हणणार?"

"नाही."

तो पाय ओढत गेला. ताईने फोन घ्यायला सुरुवात केली आणि दिवस संपेपर्यंत मान वर केली नाही.

खुलासा मात्र तिला लेखी द्यावाच लागला, आणि चुकीच्या विभागाची ती नोंद तिच्या नावावर राहिली ती राहिलीच. मॅडम त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतं बोलायला लागल्या, तेही तुटक, आणि एकदा उशीर झाला म्हणून सगळ्यांसमोर खडसावलंही. शेजारच्या बाईला वाटलं, ताईला वाईट वाटेल. ताईने निमूटपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर आली.

पण काडी परत मिळाली त्या संध्याकाळी ती घरी आली ती चप्पल भिरकावतच. पिशवी खाटेवर आपटली. वहिनीने काही न विचारता चहा ठेवला. दादाने मात्र विचारलं, आणि सगळं ऐकून तो खूश झाला.

"म्हणजे जिंकलीस की! मिळालं ना जे हवं होतं? मग आता का चिडलीयेस?"

"मिळालं म्हणूनच चिडलेय. त्याने किती वेळात लावलं माहितीये? खोक्यातून काढलं, खोचलं, टकटक केलं, झालं. तू गाडीच्या काचेवर फडकं मारतोस ना, तेवढ्या वेळात. एवढंच काम होतं ते, दादा. एवढंसंच. आणि त्याच्यासाठी मला सगळ्यांसमोर घसा फोडावा लागला, आणि ती पोरगी तिथे तारेपाशी उभी राहिली."

दादा म्हणाला, "बरं, चहा घे."

"घेते," ताई म्हणाली. तिने कप उचलला आणि रागारागातच फुंकर मारली. वहिनी तिच्याजवळ येऊन बसली. "त्या मॅडमला तू काय काय बोललीस," वहिनी म्हणाली, "ते पहिल्यापासून सांग. काहीही गाळू नकोस."

ताईने एक घोट घेतला आणि सांगायला सुरुवात केली, तितक्याच मोठ्या आवाजात, आणि दादा उठून दार लावून आला.